बिघाडाचे वाचन : लिनक्स, डायल-अप आणि एक वही

संगणकाचा इतिहास आपल्याकडे बहुधा आगमनाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, नोव्हेंबर १९९८मध्ये खासगी सेवादारांना वाट मोकळी झाली, १ ऑक्टोबर २००० रोजी भारत संचार निगम स्थापन झाले, २००१मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ आले आणि पाठोपाठ एमएस-सीआयटीचे वर्ग तालुक्यातालुक्यांत उघडले. ही तारखांची माळ खोटी नाही. पण या तारखांच्या मधल्या काळात जे अडले, बिघडले आणि कोणी तरी रात्र जागून पुन्हा चालू केले, त्याला तारीख नसते, म्हणून ते इतिहासात येत नाही. प्रस्तुत लेख त्या बिघाडांविषयी आहे. वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांपुढे हा विषय ठेवण्याचे कारण असे, की ही दुरुस्ती मुख्यतः वाचनाने होत असे. पेचकसाचे काम त्यात थोडे होते, आणि ते वाचन आपण वर्गात ज्याला पाठचिकित्सा म्हणतो त्याच्या फार जवळचे होते.

स्थळ वडनेर भोलजी. मुंबई-कोलकाता राष्ट्रीय महामार्गावर, मलकापूर आणि नांदुरा यांच्या मध्ये वसलेले गाव. महामार्गाचा क्रमांक तेव्हा ६ होता, आता ५३ आहे. २००४ साली मराठीत एम.ए. होऊन मी घरी आलो तेव्हा एक जोडून घेतलेला संगणक सोबत आणला होता. त्या संगणकावर लिनक्स बसवण्यामागे कोणतेही तत्त्वज्ञान नव्हते. मला मराठी लिहायचे होते, आणि ते असे लिहायचे होते की दुसऱ्याच्या यंत्रावर त्याचे चिवडा होऊ नये. जुन्या विंडोज ९८ला युनिकोडातली देवनागरी नीट जुळवता येत नसे, आणि प्रत्येक छापखान्याचा फाँट वेगळा. लिनक्सवर युनिकोड देवनागरी दिसत होती. रेड हॅटने २००४मध्ये लोहित हे फाँट मुक्त परवान्याखाली खुले केले होते. जोडाक्षरे कधी कधी तुटत, 'सुऱ्या' आणि 'सूर्या' यांतला भेद दाखवणारा तो आडवा 'र' हमखास रुसत असे, तरी अक्षर अक्षरासारखे दिसे. तेवढ्या एका लोभाने मी त्या वाटेला गेलो, आणि पहिल्याच दिवशी लक्षात आले की यंत्राला आवाज नाही आणि फोनची तार जोडूनही इंटरनेट लागत नाही.

लिनक्सची तबकडी गावात कशी पोहोचत असे, हेही सांगायला हवे. तबकडीवर साडेसहाशे मेगाबाइट मजकूर. आमच्या तारेवर ३३.६ किलोबिटच्या वेगाने तो उतरवून घ्यायचा तर पंचेचाळीस तासांच्या आसपास लागले असते, तेही तार एकदाही न तुटता आणि वीज न जाता. २००५नंतरचे विदर्भातले भारनियमन ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे गणित पुढे सांगायची गरज नाही. त्यामुळे लिनक्स येई ते पीसीक्वेस्टसारख्या मासिकाच्या अंकाला चिकटून, २००३पासून लिनक्स फॉर यू या मासिकातून, आणि पुढे उबुंटूवाले परदेशातून फुकट तबकड्या पाठवू लागल्यावर चक्क पोस्टमनच्या हातून. ती फुकट सेवा २०११मध्ये बंद झाली. म्हणजे जी प्रणाली इंटरनेटवर जन्मली आणि इंटरनेटवरच वाढली, ती आमच्यापर्यंत हस्तलिखितासारखी, एका हातातून दुसऱ्या हातात येत होती. आणि तिच्यातल्या दोषांवरचे उत्तर मात्र इंटरनेटवर होते. इंटरनेट लागत नाही याचा उपाय इंटरनेटवर आहे, हे त्या काळातले खरे कोडे.

तारेपासून सुरुवात करू. मोडेम म्हणजे मॉड्युलेटर-डिमॉड्युलेटर. संगणकाचे आकडे ध्वनीत बदलून माणसाच्या बोलण्यासाठी टाकलेल्या तारेवरून पाठवायचे आणि पलीकडे त्या ध्वनीचे पुन्हा आकडे करायचे, हे त्याचे काम. त्याला हुकूम द्यायची भाषा १९८१च्या हेज स्मार्टमोडेमपासून चालत आलेली. प्रत्येक हुकूम 'एटी'ने सुरू होतो, म्हणजे 'अटेन्शन', सावधान. 'एटीडीटी' म्हटले की स्वरांनी क्रमांक लावायचा, 'एटीडीपी' म्हटले की जुन्या चकतीच्या फोनसारखा ठोके मोजून. खेड्यांतली लहान एक्सचेंजे तोवर बरीचशी बदललेली होती. १९८४मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉटने भारतीय उन्हाळ्यात वातानुकूलनाशिवाय चालेल असे १२८ जोडण्यांचे ग्रामीण एक्सचेंज तयार केले होते, आणि त्या पेटीने आपल्या खेड्यांत फोन पोहोचवला. मराठी कथा-कादंबरीत एसटी पुष्कळ वेळा भेटते, तो फोनचा खांब फारसा भेटत नाही, असे माझे एक निरीक्षण आहे.

या तारेवर पहिला अडथळा गमतीचा होता. मोडेम क्रमांक लावण्याआधी डायलटोन ऐकतो. पण त्याला शिकवलेला डायलटोन अमेरिकेतला, दोन स्वरांच्या मिश्रणाचा. भारतातला वेगळा, चारशे हर्ट्झचा, किंचित थरथरणारा. पुष्कळ मोडेमांना तो ओळखूच येत नसे. माणसाने फोन कानाला लावला तर टोन स्वच्छ, आणि पडद्यावर अक्षरे उमटत : नो डायलटोन. उपाय 'एटीएक्स३' हा हुकूम. त्याचा अर्थ एवढाच, की टोनची वाट पाहू नकोस, सरळ क्रमांक लाव.

दुसरा अडथळा छप्पन्न के या शब्दाचा. १९९८च्या व्ही.९० मानकाने छप्पन्न किलोबिटचे आश्वासन दिले, पण त्यासाठी सेवादारापासून घरापर्यंत ध्वनी आणि आकडे यांचे रूपांतर वाटेत एकदाच व्हावे लागते. मध्ये आणखी एक रूपांतर आले की वेग ३३.६च्या वर जात नाही. म्हणजे मोडेमच्या खोक्यावर छापलेला आकडा शहरातल्या तारेसाठी खरा होता.

तिसरा अडथळा मात्र लिनक्सचा, आणि तो खरोखर कठीण. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मोडेम स्वस्त करण्याची एक युक्ती निघाली. ध्वनीचे विश्लेषण करणारी महागडी चिप कार्डावरून काढून टाकायची आणि ते काम संगणकाच्या मुख्य प्रोसेसरवर सोपवायचे. कार्डावर उरे ते जवळजवळ केवळ तारेचे टोक. खरा मोडेम एका प्रोग्रॅममध्ये असे, आणि तो प्रोग्रॅम फक्त विंडोजसाठी लिहिलेला. लिनक्सचे लोक त्यांना सरसकट, हेटाळणीने, 'विनमोडेम' म्हणत. आपल्या बाजारात जोडून मिळणाऱ्या संगणकांत हीच कार्डे असत, कारण ती स्वस्त होती. कार्डाची आतली रचना बनवणाऱ्यांनी गुप्त ठेवलेली, त्यामुळे बाहेरच्या कोणाला नवा प्रोग्रॅम लिहिता येईना.

इथे वैदर्भी वाचकाला रिद्धपूर आठवल्यावाचून राहणार नाही. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत बंद केले. अनधिकारी माणसाच्या हाती पोथी पडली तरी अक्षरे बोलू नयेत अशी व्यवस्था. विसाव्या शतकाच्या आरंभी ती लिपी उलगडली तेव्हा प्राचीन मराठी गद्याचे दालन उघडले. हेतू अर्थातच निराळे. तिकडे श्रद्धेचे रक्षण होते, इकडे धंद्याचे. पण बाहेर उभ्या असलेल्या वाचकाचा अनुभव सारखाच : वस्तू हातात आहे, तिच्यावर अक्षरे आहेत, आणि ती वाचता येत नाहीत.

काही कंपन्यांनी अर्धे दार उघडले. ल्युसेंटच्या मोडेमांसाठी मिळे त्या पुडक्यात काही भाग वाचता येण्याजोगा आणि गाभा मात्र बंद असे. लिनक्सँट या कॅनडातल्या कंपनीने कोनेक्संटच्या मोडेमांसाठी ड्रायव्हर काढला. फुकट घेतल्यास १४.४ किलोबिटचा वेग, पूर्ण वेग हवा तर पैसे. या ड्रायव्हरवरून २००४च्या एप्रिलमध्ये जो वाद झाला तो वाङ्मयाच्या वर्गात शिकवावा इतका सुंदर आहे. लिनक्सच्या गाभ्यात शिरणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमने आपला परवाना घोषित करायचा असतो. मुक्त परवाना, म्हणजे 'जीपीएल', नसेल तर गाभा स्वतःला 'डागाळलेला' म्हणवून घेतो आणि तशी नोंद करतो. या ड्रायव्हरच्या घोषणेत आधी 'जीपीएल' ही अक्षरे होती, त्यांच्यापुढे एक शून्यचिन्ह, आणि त्यानंतर मजकूर असा, की हा परवाना अमुक एका कप्प्यातल्या फायलींपुरता, बाकीच्यांना दुसरा लागू. सी या संगणकभाषेत शून्यचिन्हाशी शब्द संपतो. त्यामुळे गाभ्याने वाचले ते फक्त 'जीपीएल'. पुढचे वाक्य लिहिलेले होते, पण वाचणाऱ्याच्या कानी पडत नव्हते. नरो वा कुंजरो वा! धर्मराजाच्या उत्तरार्धावर शंख वाजले होते, इथे एक शून्य पुरले. कंपनीचे म्हणणे असे होते, की इशाऱ्याच्या ओळी पुन्हा पुन्हा उमटून ग्राहक गोंधळतात, म्हणून हे केले. ते म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. पण घोषणा वाचणाऱ्याने कुठे थांबावे हे लिहिणाऱ्याने परस्पर ठरवून टाकावे, हा प्रकार टीकाकाराला अस्वस्थ करणारच.

आता आवाजाकडे वळू. त्या काळात लिनक्सवरील ध्वनीची व्यवस्था मधोमध बदलली. आधी फिनलंडच्या हन्नू साव्होलाइनेन यांनी सुरू केलेली ओएसएस ही पद्धत होती. १९९८च्या सुमारास चेक प्रोग्रॅमर यारोस्लाव किसेला यांनी अल्सा ही नवी व्यवस्था लिहायला घेतली, आणि डिसेंबर २००३मध्ये आलेल्या लिनक्सच्या २.६ गाभ्यात ती मुख्य झाली. मे २००४मधल्या फेडोरा कोअर २ने ती उचलली. जुन्या यंत्रावर नवी आवृत्ती चढवल्यावर आवाज गेला, अशी तक्रार असे तेव्हा मूळ कारण पुष्कळदा हे संक्रमणच.

अल्साचा एक स्वभाव नवख्याला छळणारा होता : सगळे मार्ग सुरुवातीला बंद ठेवायचे. कर्कश आवाजाने कान वा स्पीकर फाटू नयेत, हा त्यामागचा विचार. ड्रायव्हर ठीक, कार्ड ओळखलेले, कुठे चूक नोंदलेली नाही, आणि तरी शांतता. 'अल्सामिक्सर' हा प्रोग्रॅम उघडला की उभे खांब दिसत, आणि 'मास्टर' व 'पीसीएम' या खांबांच्या पायथ्याशी दोन-दोन 'एम' : म्यूट. एमची कळ दाबली की ते जात. तीन आठवडे मी ड्रायव्हर बदलत होतो, आणि दोष त्या दोन अक्षरांत होता. डोळ्यांसमोर असलेले न वाचण्याची ही खोड पुढे विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका तपासताना मी अधिक क्षमाशीलतेने पाहू लागलो.

ते सुटले की पुढचा बिघाड : एकच प्रोग्रॅम बोलू शकतो. पुष्कळ स्वस्त कार्डांना एकाहून अधिक ध्वनी एकत्र मिसळता येत नसत. त्यावर तोडगा म्हणून केडीईने 'आर्ट्स' आणि ग्नोमने 'ईएसडी' असे मध्यस्थ नेमले, जे साऱ्यांचे आवाज गोळा करून कार्डाला देत. मग हे दोघे मध्यस्थच कार्डासाठी भांडू लागले. गाणे लावावे तर संदेश येई, की उपकरण व्यग्र आहे. नोव्हेंबर २००७मध्ये फेडोरा ८बरोबर पल्सऑडिओ आले, आणि ते रुळेपर्यंत आणखी काही वर्षे गेली.

रेड हॅटच्या जुन्या आवृत्त्यांत ध्वनी जुळवून देणारा एक लहान प्रोग्रॅम होता. जुळणी यशस्वी झाली की तो एक नमुना वाजवी : लिनक्सचे कर्ते लिनस टॉरव्हाल्ड्स स्वतःच्या आवाजात आपले नाव सांगतात आणि 'लिनक्स' हा शब्द आपण कसा उच्चारतो ते म्हणून दाखवतात. १९९१मध्ये विद्यार्थी असताना हेलसिंकीत ज्याने हे काम आरंभले, त्याचा आवाज ऐकू आला तर आपले यंत्र बोलू लागले असे समजायचे. उच्चार कोणता प्रमाण, हा प्रश्न भाषेच्या माणसाला नवा नाही. पण कर्त्याने एका वाक्यापुरता आवाज ठेवून जावे आणि जगभरच्या मुक्या यंत्रांनी तो पहिला शब्द म्हणून उच्चारावा, ही कल्पना मला अजूनही हलवते.

आवाज आणि तार हे दोन बिघाड वेगळे वाटतात. ते एकाच घरचे. इंटेलने १९९७मध्ये ठरवलेल्या एसी'९७ या मानकात ध्वनी आणि मोडेम दोघांसाठी एकच दुवा कल्पिलेला होता. काही मदरबोर्डांवर तर एकाच लहान खाचेत दोन्ही बसत. चिप काढून टाकलेला मोडेम म्हणजे अखेर फोनच्या तारेला जोडलेले ध्वनिकार्डच. म्हणून अल्सात ध्वनीच्या इंटेल ड्रायव्हरशेजारी त्याच नावापुढे 'एम' लावलेला मोडेमचा ड्रायव्हर असे, आणि स्मार्टलिंक कंपनीचा मोडेम-प्रोग्रॅम त्यावर चढून तारेशी बोले. माझ्या यंत्राचे निदान अखेर इथेच झाले. मोडेम चालत नाही म्हणून मी तारेकडे पाहत होतो, आणि पाहायला हवे होते ध्वनीकडे.

हे मला सांगितले अकोल्याच्या एका मित्राने, फोनवर. आणि इथे मला जे मुख्यतः म्हणायचे आहे ते येते.

घरात तार एकच. त्यावर मित्राशी बोलावे तर इंटरनेट लावून पाहता येत नाही, इंटरनेट लावावे तर मित्र नाही. म्हणून तो हुकूम सांगे, मी वहीत उतरवून घेई, फोन ठेवी, यंत्रावर करून पाही, पडद्यावर काय उमटले ते पुन्हा वहीत लिही, पुन्हा फोन लावी. सांगण्याची भाषा मराठी आणि सांगायचा मजकूर इंग्रजी अक्षरांचा. "तिरपी रेघ, डीईव्ही, परत तिरपी रेघ, टीटीवाय, मग एस." "कुठल्या बाजूला तिरपी?" "उजवीकडे झुकलेली. एस मोठा काढलास ना? त्याच्यापुढे शून्य, ओ नाही. मग एक घर सोड." ही मोकळी जागा म्हणजे 'घर', पट खेळताना सोडतो तसे. तो शब्द त्याचा होता की त्यालाही कोणाकडून मिळालेला, हे आता सांगता येणार नाही. शून्याचा ओ झाला, एकाचा एल झाला, सोडायचे घर राहून गेले, की यंत्र म्हणे असे काही नाहीच. लेखनिकाच्या हातून होणारे जे प्रमाद आपण पाठचिकित्सेच्या तासाला यादी करून शिकवतो, अक्षरसादृश्य, श्रुतिसादृश्य, गळलेले पद, ते सगळे माझ्या वहीत एका महिन्यात जमा झाले. फरक इतकाच, की लीळाचरित्राच्या लेखनिकाला त्याची चूक शेकडो वर्षांनी कोणी तरी दाखवतो, मला ती दोन मिनिटांत कळे. बुलढाणा जिल्ह्यातल्याच नरवेल गावच्या वि. भि. कोलते यांनी ज्या चिकाटीने पोथ्यांतले पाठ ताडून पाहिले, तिची किंमत मला एम.ए.च्या वर्गात नव्हे, 'नो कॅरियर' ही अक्षरे विसाव्यांदा वाचताना कळली.

मूळ ग्रंथ अर्थात इंग्रजीत होते. लिनक्स डॉक्युमेंटेशन प्रोजेक्टने जमवलेले 'हाऊ-टू' : जेफ ट्रँटर यांचा ध्वनीवरचा, डेव्हिड लॉयर यांचा मोडेमवरचा. तबकडीवर ते येत. मी ते शब्दकोश घेऊन वाचले. गद्य म्हणून ते वाईट नाहीत. वाचक अडाणी नाही पण अडलेला आहे, असे धरून लिहिलेले, आणि जिथे लेखकाला ठाऊक नाही तिथे तसे सरळ सांगणारे. आपल्या समीक्षेत ही दुसरी सवय क्वचित आढळते. डब्ल्यूव्हीडायल या क्रमांक लावणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तर 'स्टुपिड मोड' नावाची एक सोयच होती. हा प्रोग्रॅम सेवादाराचे प्रश्न वाचून हुशारीने उत्तरे देई, पण काही ठिकाणी ती हुशारीच आड येई. मग त्याला सांगायचे, की काही वाचू नकोस, जोडणी झाली की थेट कामाला लाग. आमच्याकडे त्या एका ओळीने काम झाले.

जोडणी झाली तरी पान उघडत नाही, हा शेवटचा फेरा. नोंदी वाचल्यावर दिसले की यंत्रात एक रिकामे नेटवर्क कार्ड होते आणि बाहेर जाण्याची वाट त्याच्या नावावर लावलेली होती. नोंदीत तसे लिहिलेच होते, की आधीची वाट आहे, ती बदलत नाही. घराला दोन दारे, आणि सगळी माणसे भिंतीकडे उघडणाऱ्या दाराशी उभी. ते कार्ड बंद केले आणि पहिले पान उतरले. मराठी होते, सावकाश, वरून खाली, ओळीओळीने उमटले.

१४ जानेवारी २००५ रोजी भारत संचार निगमाची डेटावन ब्रॉडबँड सेवा सुरू झाली, पण ती गावोगाव पोहोचायला वेळ लागला. पुढे मोबाइल आला आणि डायल-अपचे सगळे ज्ञान एका फटक्यात निरुपयोगी झाले. इंग्रजी हाऊ-टू अजून वाचायला मिळतात. अकोला, खामगाव, मलकापूर, वडनेर या तारांवरून जे मराठीत बोलले गेले, ते कागदावर आले तेवढेच उरले, आणि कागदावर फारच थोडे आले. त्या सांगण्यात नवे शब्द घडत होते, जुन्या शब्दांना नवे काम मिळत होते, आणि मराठीचे पदवीधर असूनही आम्हाला तेव्हा ते टिपण्याजोगे वाटले नाही. बोलीचे नमुने गोळा करायला आम्ही जत्रेत जात होतो. घरच्या फोनवरची बोली आम्हाला दिसली नाही.

ती वही माझ्याकडे आहे. दोनशे पानी, शाळेची, मागच्या बाजूने सुरू केलेली. पहिल्या पानावर एम.ए.च्या टिपणातले काही तरी आहे, शेवटच्या पानांवर हुकूम. एका पानावर चौकट करून लिहिले आहे : "दोन्ही खांबांखालचे एम गेलेच पाहिजेत." दुसऱ्यावर एस शब्दशः मोठा काढून त्याला दोनदा गिरवले आहे. अखेरची नोंद जून २००७ची, निळ्या शाईत : "वीज पडली. मोडेम जळला. पावसाळ्यात तार काढून ठेवणे." त्याखाली आईच्या अक्षरात दुधाचा हिशेब आहे.